थांबलेले निरोप

शिरवण्याच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. सॉल्व्हंटच्या वाफेपाशी ठिणगी पडेल असं काहीही नको, हा तिथला पहिला नियम. गेटवर सिक्युरिटीच्या केबिनला लागून खणाखणांची लाकडी मांडणी असते. माणूस फोन बंद करतो, खणात ठेवतो, नंबराचा पत्र्याचा बिल्ला खिशात टाकतो आणि आत जातो. मग पाळी संपेपर्यंत तो घरच्यांसाठी असून नसल्यासारखा. दुपारी तीनला पहिली पाळी सुटली की मांडणीपुढे गर्दी होते. फोन चालू होतात, क्षणभर गप्प राहतात, रेंज पकडतात आणि मग हातातल्या हातात थरथरू लागतात. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचेच. पोराला शाळेतून आणलं. गॅस आला. आईचा रिपोर्ट नॉर्मल आहे. सकाळपासून पाठवलेलं सगळं एका दमात येतं, आणि तरीही पाठवलं त्याच क्रमानं.

मी अशाच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. सिग्नल कुठून निघतो, कुठे अडतो, कुठे पोचतो हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे गेटवरची ती थरथर ऐकताना मनात यायचं, की इतके तास हे निरोप होते कुठे? ज्याला आपण झटपट संदेश म्हणतो त्याचं मोल मला त्याच्या वेगात कधी वाटलं नाही. वेग तारेलाही होता. ज्याच्यासाठी निरोप आहे तो जागेवर नसताना निरोप सांभाळून ठेवायचा, तो आला की त्याच्याच हातात द्यायचा, आणि दिल्याची पोच उलट पाठवायची, ही कामं मला मोठी वाटतात. ती नीट करायला यंत्रांना काही दशकं लागली. आमच्या गावात तोवर ती माणसं करत होती.

शिरवणे आज सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला, जुईनगर स्टेशनापासून चालत येण्याच्या अंतरावर, सिडकोच्या सेक्टरांनी वेढलेलं गावठाण आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, त्यांतलं हे एक. त्याआधी इथे भातशेती, खाजण, मिठागरं आणि खाडी. घरं बहुतेक आगऱ्यांची आणि सोयरिकी पार उरण-पनवेलपर्यंत पसरलेल्या. कुणाकडे मयत झालं की कर्ती माणसं आधी बसून ठरवत, कोणी कुठल्या गावाला जायचं. माझे वडील तरुण असताना सायकलवरून हे काम करायचे. निरोप दारात उभं राहूनच सांगायचा, बसायचं नाही, कारण पुढची घरं बाकी असत. घर बंद दिसलं तर शेतावर जायचं, मिठागराच्या बांधावर जायचं, माणूस गाठायचा. अगदीच नाही सापडला तर शेजारी सांगून ठेवायचं. पण ज्याच्यापाशी ठेवलं त्याचं नाव ध्यानात ठेवायचं. रात्री परतल्यावर ते जाणत्यांपुढे एकेक घर सांगत: अमक्याला भेटलो, तमका भेटला नाही, त्याचा निरोप त्याच्या भावजयीपाशी ठेवलाय. हा हिशेब पुरा झाल्याशिवाय त्यांचं काम संपलेलं नसे.

तार क्वचित यायची, आणि आली की चुलीपुढची बाई आधी रडायला लागायची, मग कुणी वाचून दाखवायचं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. आमच्या घरी ती बातमी एका नातेवाइकाच्या तोंडून आली. तो बोलला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले होते, हे वडील शेवटपर्यंत सांगत. निरोपाबरोबर निरोप्याही दिसत असे. तो कुठून आला, किती दमला, स्वतः पाहिलं की ऐकलं, हे त्याच्याकडे बघूनच कळायचं.

यंत्रांच्या जगात निरोपाच्या दोन वाटा अगदी सुरुवातीपासून वेगळ्या झाल्या. एका वाटेवर दोन्ही माणसं एकाच वेळी हजर लागत. दुसरीवर एकजण ठेवून जाई आणि दुसरा सवडीनं उचली. अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था १९६० च्या दशकात उभी राहिली. तिथे १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस यांनी एकमेकांसाठी संदेश ठेवून जायची सोय लिहिली. ही ठेवून जायची वाट, आजच्या ईमेलची पूर्वज. हजेरीची वाट इलिनॉय विद्यापीठात फुलली. तिथे शिकवण्यासाठी ‘प्लेटो’ नावाची संगणकव्यवस्था होती, तिचे नारिंगी उजेडाचे पडदे दूरदूरच्या खोल्यांत मांडलेले. १९७३ मध्ये डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी तिच्यावर ‘टॉकोमॅटिक’ केलं. पडद्याचे आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात एक माणूस, एका वेळी पाचजण. टाइप केलेलं अक्षर त्या क्षणी समोरच्याला दिसायचं. वाक्य पुरं व्हायची वाट नाही. समोरचा अडखळला, खोडलं, पुन्हा लिहिलं, तेही दिसायचं. हे वाचलं तेव्हा मला त्या पोरांचा हेवा वाटला. बोलण्यातला श्वास लिहिण्यात उतरवायच्या इतक्या जवळ नंतरची कुठलीच व्यवस्था फार काळ राहिली नाही.

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं आयआरसी नावाची गप्पांची सोय सुरू केली आणि अनोळखी माणसांच्या गप्पांना देशांच्या सीमा उरल्या नाहीत. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तोवर वाशीपर्यंत लोकल आली होती, सेक्टरांत दुकानांचे गाळे भरत होते, आणि थोड्या वर्षांत त्या गाळ्यांत सायबर कॅफे दिसू लागले. प्लायवूडचे खोके, खोक्यात एक संगणक, तासावर पैसे. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलच्या मिराबिलिस या छोट्या कंपनीनं आयसीक्यू आणलं होतं. एक फूल, आणि ओळखीचं माणूस जगात कुठेही संगणकापुढे बसलं की ते फूल हिरवं. मग याहू मेसेंजर आलं, मुंबईच्या रेडिफचं ‘बोल’ आलं. आखातात नोकरीला गेलेल्या भावाशी बोलायचं तर वार आणि वेळ आधी पत्रानं नाहीतर फोनवर ठरवावी लागे. त्या वेळी तो तिथल्या कॅफेत, आपण इथल्या. त्याचं नाव उजळलं नाही, तर घड्याळ आणि खिसा दोन्ही बघत बसायचं. हजेरीच्या वाटेची ही अडचण होती, की ती पाळीवाल्या माणसाला झेपत नाही. आमच्या एमआयडीसीतला कामगार रात्री अकराच्या पाळीला गेला की त्याचं जग जागं असताना तो झोपलेला आणि तो जागा असताना जग झोपलेलं.

ठेवून जायची वाट मात्र तोवर मोबाइलमध्ये शिरली होती. मोबाइल जाळ्यात फोन आणि टॉवर यांच्यात बोलणं नसतानाही खुणांची देवाणघेवाण चालू असते: मी इथे आहे, तुला कॉल आलाय. ह्या खुणांच्या मार्गिकेत थोडी जागा मोकळी राहते. तिथे लहान मजकूर घालता येईल, हे फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरलं. हिलेब्रांडनी १९८५ मध्ये जर्मनीत बॉनच्या आपल्या घरी टाइपरायटरवर वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली आणि १६० पुरतात असं ठरवलं. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ या इंजिनिअरनं इंग्लंडमध्ये पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. फोन बंद असेल तर हा संदेश मोबाइल कंपनीच्या संदेशकेंद्रात थांबायचा आणि फोन चालू झाला की पोचायचा. पाळीवाल्याला सोसेल असं पहिलं यंत्र हे.

पण १६० अक्षरं रोमन लिपीची. त्या जागेत १४० बाइट मावतात. रोमन अक्षर सात बिटांत बसतं म्हणून १६०. देवनागरीला एकेका चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून मराठीला ७० चिन्हं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जायचं. नुसतं ‘श्री’ लिहिलं की चार चिन्हं गेली. पुन्हा समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर त्याला दिसणार रिकामे चौकोन. मग आपण सगळ्यांनी रोमन लिपीत मराठी लिहायला घेतलं, आणि एका पिढीच्या प्रेमपत्रांचं, माफीचं, वाढदिवसाचं मराठी त्या लिपीत वाढलं. भाषेच्या अंगावरून केवढा नांगर फिरला हे, याची नोंद फार थोड्यांनी घेतली. दिवाळी आणि नववर्षाच्या दिवशी सवलतीचे पॅक चालत नसत, त्या दिवशी प्रत्येक शुभेच्छेला पुरे पैसे. गरिबाचा निरोप मिस्ड कॉलमधून जाई. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, पण करणाऱ्याला पैसे पडायचेच. म्हणून एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. ह्या भाषेत एकही अक्षर नव्हतं आणि ती सगळ्यांना समजत होती.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या २००९ नंतर. यान कूम हा मूळचा युक्रेनचा. १९९२ मध्ये सोळाव्या वर्षी तो आईबरोबर कॅलिफोर्नियात आला, वडील मागेच राहिले. सरकारी मदतीच्या कूपनांवर त्या घराचे दिवस निघाले. जिथून तो आला तिथे फोनवर मोकळं बोलायची सोय नव्हती, कोण ऐकत असेल सांगता येत नसे, हे त्यानं पुढे अनेकदा सांगितलं. २४ फेब्रुवारी २००९ ला त्यानं व्हॉट्सअ‍ॅप कंपनीची नोंदणी केली. पुढे त्याचा याहूमधला जुना सहकारी ब्रायन ॲक्टन येऊन मिळाला. सुरुवातीला त्यात निरोप नव्हतेच. नावापुढे आपली स्थिती लिहायची एवढंच: कामात आहे, जिममध्ये आहे. त्याच वर्षी ॲपलनं बंद असलेल्या ॲपला बाहेरून हाक मारून उठवायची सोय दिली. मग कुणी आपली स्थिती बदलली की मित्रांच्या फोनवर खूण वाजू लागली, आणि लोक त्या ओळीतूनच एकमेकांशी बोलू लागले. माणसांनी ते यंत्र आपल्या गरजेकडे वळवलं, बनवणाऱ्यांनी ते ओळखलं. फोन नंबर हीच ओळख, त्यामुळे आमच्या गावातल्या ज्या बाईनं कधी ईमेल उघडला नाही, पासवर्ड हा शब्द ऐकला नाही, तीही पहिल्या दिवसापासून आत.

आता गेटवरच्या प्रश्नाकडे येतो. घरातल्या बाईनं बोट उचललं की फोन ते वाक्य तिथल्या तिथे सांकेतिक करतो आणि जवळच्या टॉवरकडे रेडिओ लहरींवर सोपवतो. तिथून पुढे काचेच्या तंतूतून उजेडाच्या रूपात मोबाइल कंपनीच्या जाळ्यात, तिथून इंटरनेटवर, तिथून सर्व्हरवर. जागा असलेला प्रत्येक फोन सर्व्हरशी एक जोडणी उघडी धरून असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या इंजिनिअरांनी यासाठी एरलँग ही प्रोग्रॅमिंगची भाषा निवडली. ती एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली होती, लाखो कॉल एकाच वेळी आणि एक कोसळला तरी दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून. २०१२ च्या सुरुवातीला ते एका सर्व्हरवर वीस लाखांच्या वर जोडण्या पेलत होते. निरोप आला की सर्व्हर आपल्याकडे पोचल्याची खूण पाठवणाऱ्याला देतो, ती पहिली टिक. ज्याचा निरोप त्याची जोडणी उघडी असेल तर लगेच पुढे. नसेल तर त्याच्या नावाच्या रांगेत ठेवतो आणि गूगल किंवा ॲपलच्या यंत्रणेला सांगतो, याला उठवा. फोन उठला, निरोप घेतला, घेतल्याचं कळवलं, की पाठवणाऱ्याकडे दुसरी टिक आणि सर्व्हरवरची प्रत पुसली. फोन बंदच राहिला तर तीस दिवस वाट बघून पुसली. म्हणजे पाळीतल्या माणसाचे निरोप कुठल्याशा इमारतीत, त्याच्या नावाच्या रांगेत, न वाचता सांभाळलेले असतात.

न वाचता, हे त्यातलं मला सगळ्यात सुंदर वाटणारं काम. ५ एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचा सगळा मजकूर दोन टोकांपलीकडे कुणालाही वाचता येत नाही. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी आखलेली ही पद्धत. माणूस फोनवर नसताना त्याच्याशी गुप्त किल्ली कशी ठरवायची, हा पेच होता. दोघं हजर असतील तर सोपं. तोड अशी निघाली, की प्रत्येक फोन जागा असतानाच मूठभर उघडी कुलुपं सर्व्हरपाशी ठेवून जातो, किल्ल्या मात्र स्वतःपाशी. पाठवणारा त्यांतलं एक कुलूप उचलतो, निरोप घालून मिटतो. आता सर्व्हरलाही ते उघडता येत नाही. पुढच्या प्रत्येक निरोपाला नवी किल्ली, त्यामुळे एखादी कुणाच्या हाती लागली तरी मागचे निरोप सुरक्षित. फोन ऐकला जाईल या भीतीत वाढलेल्या मुलाच्या कंपनीनं हे केलं, याला माझ्या मनात फार मोठी जागा आहे.

२०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकनं ही कंपनी घ्यायचं ठरवलं. सौदा १९ अब्ज डॉलरचा, वापरणारे ४५ कोटी, आणि नोकरीला माणसं पंचावन्नच्या आसपास. त्याच नोव्हेंबरात टिका निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं हेही कळू लागलं. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मानलं, कारण समोरच्यानं ती उघडल्याचं खुणेवरून दिसत होतं. तलाठ्यानं दारावर चिकटवलेल्या नोटिसांवर ज्या गावाच्या जमिनी गेल्या, तिथे ही बातमी वेगळ्या कानांनी ऐकली गेली.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्याचं मुख्य ठाणं आमच्याच पट्ट्यात, घणसोलीला. महापे, ऐरोली, रबाळेकडे पूर्वी जिथे धूर दिसायचा तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत. डेटा स्वस्त झाला आणि शिरवण्यात फोन घरातल्या कर्त्याच्या खिशातून निघून आजीच्या उशाशी आला. पण माझ्या लेखी आमच्या घरातला मोठा दिवस त्याच्याही आधीचा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा निरोप आला.

माझी आत्या धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले असतात आणि ते म्हणत विधी पुढे नेणारी बाई म्हणजे धवलारीण. धवले तोंडी. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे. आत्याला अक्षरओळख नाही, फोनमध्ये ती माणसं फोटोवरून ओळखते. लिहायच्या मराठीत तिला कधी जागा नव्हती. एसएमएसच्या सत्तर चिन्हांत तर नव्हतीच. माझ्या धाकट्या चुलत बहिणीला धवले शिकायचे होते, पण ती नोकरीसाठी पुण्याला. एका संध्याकाळी तिनं आत्याला माइकची खूण दाखवून ठेवली आणि ती पुण्याला गेली. मग आत्या रोज चूल-भांडी झाली की ओट्यावर बसायची. फोन मांडीवर, अंगठा खुणेवर घट्ट दाबलेला. आधी सूचना: “आयक गो बाय, आता नीट आयक.” मग धवला. त्या काळी अंगठा उचलला की निरोप निघून जायचा. आत्या श्वास घ्यायला थांबली की अंगठाही सैल व्हायचा. त्यामुळे धवला पुण्याला पोचायचा तो आत्याच्या श्वासावर तुटलेल्या तुकड्यांत. बहिणीनं ते तसेच क्रमानं ऐकून पाठ केले. ती म्हणते तेव्हा आजही नेमकी त्याच जागी थांबते.

त्या तुकड्यांचं फोनच्या पोटात काय होतं हे मला माहीत आहे आणि ते माहीत असल्यानं नवल कमी होत नाही. फोन आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके कण करतो. ओपस नावाच्या, २०१२ मध्ये प्रमाण ठरलेल्या पद्धतीनं प्रत्येक कणातलं कानाला लागतं तेवढं ठेवून बाकी गाळतो. मग त्याची फाइल, तिला कुलूप, ती एका साठ्यात, आणि तिची किल्ली नेहमीच्या निरोपातून. आत्याच्या ‘ण’चा होणारा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’, मधेच आलेला कुकरचा आवाज, मागून जाणारी लोकल, सगळं त्या गाळण्यातून शिल्लक राहतं. शाळेत ज्या बोलीसाठी आम्हाला हटकलं जायचं, ती बोली कुणाच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रभर फिरू लागली. हजेरीची वाट आणि ठेवून जायची वाट एकत्र आल्याचा असा लाभ झालेली दुसरी माणसं मला माहीत नाहीत. आत्या रात्री ठेवून जाई, बहीण सकाळी बसमध्ये उचली, आणि तरी दोघी समोर बसल्यागत बोलत.

ह्याच यंत्रानं माणसं मारली, हेही इथेच लिहायला हवं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा फोनाफोनांतून आधीच पसरली होती. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी माणसं ती, शतकानुशतकं त्यांचा धंदाच दारोदार जाण्याचा. अफवेबरोबर निरोप्या नव्हता. ती कुठल्या गावाहून निघाली, कोणी पाहिलं, हे विचारायला समोर पाय नव्हते, धूळ नव्हती. पुढे ढकलायला अंगठा पुरला. त्या महिन्यात कंपनीनं पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण घालायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच जागी पाठवायची मर्यादा आणली. पुढे ती जगभर लागू झाली. मर्यादा चांगलीच होती. पण माझे वडील ज्या कामाला सर्वांत जास्त जपत, म्हणजे मी हे कुणाकडून ऐकलं ते सांगणं, ते काम त्या खुणेनं होत नाही. एवढी कुलुपं, एवढी पोच सांभाळणाऱ्यांनी यावर आणखी डोकं लावायला हवं होतं, आजही हवं. आणि मजकूर फोडून बघायची मागणी जेव्हा होते तेव्हा मी तिच्या विरुद्ध असतो, कारण कुलूप एकासाठी उघडलं की सर्वांसाठी उघडतं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गावाच्या गटावर रोज कुणाचा तरी फोटो यायचा, हार घातलेला. अंत्यविधीला वीसच माणसं, म्हणून कुणी जायचं नाही, घरूनच हात जोडायचे. वडिलांची सायकल जिथे जिथे गेली असती त्या सगळ्या घरांत तो निरोप एका क्षणात गेलेला असायचा. निळ्या टिका मोजून मी ठरवायचो, उरणवाल्यांना कळलं, पनवेलचे अजून बघायचे आहेत. जे जुने होते आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांच्या दारी तरुण पोरं मास्क लावून जायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची. जूनमध्ये आमच्या भागातल्या नव्या विमानतळाला दिबांचं, म्हणजे दि. बा. पाटलांचं, नाव द्यावं म्हणून १० तारखेला मानवी साखळी झाली, २४ ला सिडको भवनाला घेराव. कुठल्या गावानं कुठे उभं राहायचं हे सगळं गटांवरून फिरत होतं. १९८४ मध्ये तेच काम रात्रभर चालणाऱ्या पायांनी केलं होतं.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रात्री सव्वानऊच्या सुमाराला टिका थांबल्या. पहिलीसुद्धा येईना, नुसतं घड्याळाचं चित्र. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं फेसबुकची जगभरची केंद्रं एकमेकांपासून तुटली होती आणि त्यांच्याकडे जायचे पत्ते इंटरनेटवरून निघून गेले होते. पहाटे साडेतीनच्या पुढे सगळं परत आलं. सर्व्हरपर्यंत गेलेले निरोप शाबूत होते, फोनमध्ये अडकलेलेही निघाले. इतक्या मोठ्या पडझडीत आमच्यापैकी कुणाचं बोलणं वाया गेलं नाही, हे मी आमच्या विभागातल्या पोरांना मुद्दाम सांगितलं.

मात्र सर्व्हर पोचेपर्यंतच सांभाळतो. पोचल्यावर सांभाळणं आपल्याकडे. आत्याचे धवले कुठल्याही डेटा सेंटरमध्ये तिच्या नावानं ठेवलेले नाहीत. ते आहेत बहिणीच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये, आणि ज्यांनी फोन बदलताना बॅकअप घेतला त्या नातेवाइकांकडे. पीटीटी, मग तारीख, मग क्रमांक, अशी फाइलींची नावं. नावावरून धवला कळत नाही. आत्याचा आवाज आता फाटतो, लग्नाला तिला बसवून नेतात आणि म्हणायला पुढे दुसऱ्या बाया असतात. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही भावंडं मिळून त्या फाइली गोळा करतोय. तुकडे क्रमानं लावायचे, कुठल्या विधीचा धवला, कोणी शिकवला, कुठल्या गावचा, हे प्रत्येकापुढे लिहायचं. शब्द अडला की मी आत्याला आवाजात विचारतो, ती आवाजातच सांगते, आणि ते उत्तरही त्याच वहीत उतरवतो. खाजणाच्या उघाडीचे, पागाच्या, मिठाच्या कोंडीचे शब्द त्यात आहेत. काहींचे अर्थ तिलाही तिच्या आईनं सांगितलेले नव्हते, ते तसेच ठेवतो आणि पुढे प्रश्नचिन्ह करतो. हळदीचे झाले आहेत. मांडवाचे अर्धे राहिलेत, त्यातले दोन तुकडे उरणच्या मावशीच्या जुन्या फोनमध्ये आहेत आणि त्याचा चार्जर शोधायचं काम चालू आहे.